सातची बाटली

पीएच मीटर ज्या कुणी शोधून काढला, त्याच्या घरी चोवीस तास नळाला पाणी येत असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आमच्या मुकुंदवाडीत नळ आठव्या दिवशी यायचा, तोही कधी पहाटे तर कधी भरदुपारी, आणि आला की सगळी गल्ली हातातलं काम टाकून हंडे घेऊन धावायची. असल्या माणसांच्या डोक्यातून हे यंत्र निघालंच नसतं. निघालं असतं, तर त्यात पाणी फेकून द्यायचा नियम नसता.

यंत्र दिसायला साधं होतं. पेनापेक्षा जरा जाड, पिवळं, खालच्या टोकाला काचेचा बारीकसा फुगा आणि वर आकड्यांची खिडकी. पाण्यात बुडवलं की आकडा थोडा वेळ खालीवर पळायचा आणि मग एका जागी बसायचा. सातच्या खाली आकडा गेला तर पाणी आंबट, वर गेला तर खारं, असं मी जिथे काम करायचे त्या सोसायटीच्या कमिटीतल्या लोकांना सांगायचे. ते पूर्ण खरं नव्हे, पण त्यांना तेवढं पुरायचं. पोहण्याच्या तलावाला साडेसातच्या आसपासचं पाणी लागतं.

मात्र या यंत्राला विसरण्याची खोड असते. सात म्हणजे किती, हे त्याला वरचेवर सांगावं लागतं. त्यासाठी दोन द्रावणं मिळतात, एक चारचं आणि एक सातचं. आधी चारच्या द्रावणात टोक बुडवायचं, बारीक पेचकसाने मागचा स्क्रू फिरवून खिडकीत चार आणायचे. मग टोक धुऊन सातच्यात बुडवायचं, दुसरा स्क्रू फिरवून सात आणायचे. यंत्र द्यायला आलेल्या इंजिनिअरने मला हे सगळं नीट शिकवलं होतं. "वाटीत थोडं घ्यायचं, मीटर सेट करायचा आणि वापरलेलं द्रावण फेकून द्यायचं," तो म्हणाला होता. "मधे टोक डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवायचं." पुण्याकडचा असावा. भरपूर हा शब्द त्याने किती सहज वापरला.

मी बीएस्सी केमिस्ट्री केलेली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली होती. ती नोकरी गेली आणि ही मिळाली. शेंद्र्याच्या अलीकडे, जालना रोडपासून थोडं आत, शेतं विकत घेऊन एक मोठी सोसायटी उभी राहिली होती. उंच इमारती, क्लब हाउस, हिरवळ आणि निळ्या फरशांचा पोहण्याचा तलाव. तलावाचं पाणी रोज तपासायचं आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, हे माझं काम. गल्लीत मी सांगायचे की मी वॉटर क्वालिटीला आहे. आई सांगायची, पोरगी पवायच्या पाण्याची डॉक्टर आहे.

आईची ओळख एवढ्यासाठी करून देते की पुढे जे झालं ते तिच्या स्वयंपाकघरात सुरू झालं. दोष तिचा नाही. आमच्या घरी तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, त्यात मग खरकटी भांडी विसळायची, आणि ते गढूळ पाणी बादलीत साठवून संडासात ओतायचं. पाणी प्यायचं ते वरून, तांब्याला ओठ न लावता. त्यात सोवळंओवळं काही नव्हतं. ओठ लागले नाहीत की उरलेलं पाणी उष्टं होत नाही आणि परत माठात ओतता येतं, एवढाच हिशेब. पाहुण्याने अर्धा तांब्या पिऊन अर्धा परत दिला तर आई त्याला शहाणा म्हणायची. सगळा पिऊन टाकला तर काही म्हणायची नाही, पण पाहुणा गेल्यावर माठावरचं झाकण जरा जोरात आपटायची.

तर मी वाटीत सातचं द्रावण घ्यायचे, मीटर सेट करायचे, आणि वाटीतलं स्वच्छ, नितळ, जेमतेम दोन चमचे द्रावण परत बाटलीत ओतायचे. चारचंही तसंच. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन क्लब हाउसच्या कोपऱ्यात होता, पण भरपूर धुवायला माझा हात कधी वळलाच नाही. एका झाकणात थोडं पाणी घ्यायचं, त्यात टोक हलवायचं, आणि तेच झाकण दिवसभर चालवायचं. चूक करतेय असं एकदाही वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. इंजिनिअरला जे जमत नाही ते आपल्याला जमतं असं वाटायचं.

तलावावर माझ्या जोडीला एक म्हातारे पंप ऑपरेटर होते. छावणीत राहायचे. मी त्यांना चाचा म्हणायचे. मोटर, फिल्टर, क्लोरीन सगळं त्यांच्या हाती. मीटर येण्याआधी ते पाण्याची परीक्षा रंगावर करायचे. काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, औषधाचे पाच थेंब टाकायचे आणि नळी उजेडाकडे धरून रंग बघायचा. पिवळा आला तर पाणी आंबट, गर्द गुलाबी आला तर खारं, मधला संत्र्याचा रंग आला तर ठीक. मीटर आल्यावर त्या नळीची गरज संपली, पण चाचांनी ती टाकली नाही. मी आकडा लिहायचे आणि ते आपले शेजारी उभे राहून थेंब टाकायचे. मला त्यांची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर गंमत नव्हे, कीव यायची.

तलावाच्या कडेला उभं राहिलं की कुंपणाच्या भिंतीवरून मोसंबीचे शेंडे दिसायचे. ती बाग माझ्या थोरल्या काकांची. आमचे वडील शहरात कामाला आले तेव्हा काका गावातच राहिले. सोसायटीने आजूबाजूची सगळी रानं घेतली, काकांनी तेवढं दिलं नाही. झाडं दीडशे. लागवड झाली तेव्हा मी सातवीत होते. सुट्टीत आम्हा भावंडांना काकांनी कामाला जुंपलं होतं आणि मी एकेक कलम खड्ड्यात सरळ धरून ठेवत होते. काका माती लोटायचे आणि ओरडायचे, "सरळ धर गं, तुझ्या नाकावाणी वाकडं नको!" पहिला बहार आला तेव्हा पोतंभर मोसंबी मुकुंदवाडीला आली. पुढे दरवर्षी येत राहिली. त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांच्या हातांना मोसंबीच्या सालीचा वास असायचा.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला तेव्हा फाल्गुनातच काकांची विहीर उघडी पडली. ती नुसती पावसाअभावी आटली असंही नाही. सोसायटीने भिंतीला लागून खोल बोअर घेतला होता, आणि त्या वर्षापासून विहिरीचं पाणी दरसाल एकेक परस, म्हणजे माणूसभर, खाली जात होतं. तलाव त्याच बोअरच्या पाण्याने भरलेला. मग वरून कागद आला की टंचाई आहे, पोहण्याचे तलाव बंद करा. मुलांचं पोहणं थांबलं. क्लोरीन, ॲसिड, सगळी औषधं बंद झाली. पाणी मात्र होतं तसंच निळ्या फरशांवर उभं राहिलं, दोन-अडीच लाख लिटर. कमिटीने मला कामावर ठेवलं, कारण रजिस्टर चालू ठेवायचं होतं. मी रोज आकडा लिहीत राहिले. आठवड्यागणिक तो चढत होता. आठ झाला, साडेआठ झाला, चैत्रात नऊच्या पुढे गेला. मला नवल वाटलं नाही. ऊन पाणी पितंय, क्षार घट्ट होतायत, आकडा चढणारच, असं कारण मी शोधलं आणि ते मला पटलंही. पदवी असली की कारणं चटकन सापडतात.

चैत्रातल्या एका रविवारी काका घरी आले. नळाचा दिवस होता, आई पाण्याच्या गडबडीत. काकांनी वरून अर्धा तांब्या पाणी प्यायलं, उरलेलं आईकडे दिलं, आईने ते माठात ओतलं. मग काका माझ्यासमोर मांडी घालून बसले. एरवी मोठ्याने बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज खाली होता.

"बाई, तुमच्या त्या तलावात आता पोरं पवत नायत ना?"

"नाही काका. बंद केलाय."

"मंग ते पाणी काय करणार हायेत?"

"काही नाही. उन्हाने उडून जाईल हळूहळू."

"उडून जाईल," काका म्हणाले आणि बोटाने फरशीवर एक रेघ ओढली. मग म्हणाले, "माझी झाडं भिंतीच्या ह्या बाजूला तर हायेत. पायीप टाकला की झालं. तसं ते पाणी आपल्याच भुईतलं हाय, पर ते जाऊ दे, त्येच्यावर भांडायचं नाय मला. झाडागणिक थोडं थोडं दिलं तर मिरगापोत्तर निभतंय. बाग जगली तर मी गावात ऱ्हातो. नाय जगली तर ते रान इकण्याबिगर काय करू? तू तिथं हायेस. इचारून बघ."

काकांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल तर ते एवढंच.

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. कमिटीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. कुणालाही नाही म्हणताना त्यांना फार त्रास व्हायचा, त्यामुळे ते नकार दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. "द्यायला आमची हरकत नाही," ते म्हणाले. "पण तलावाचं पाणी म्हणजे केमिकलचं. उद्या झाडं जळाली तर बोट सोसायटीकडे. तुम्ही टेस्ट करा आणि लेखी द्या. तुम्ही योग्य आहे म्हणालात तर त्याच दिवशी पाइप टाकू." मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा मागून त्यांनी विचारलं, "तुमचे सख्खे काका ना ते?" विचारताना ते हसले. बाकीचेही हसले. कुणी काही वाईट बोललं नाही. पण मी त्या हसण्याला घाबरले, हे आज कबूल करायला हवं.

तपासणी मी शिस्तीत केली. सकाळी आठ वाजता, अध्यक्षांच्या समोर. चारच्या बाटलीतलं द्रावण वाटीत घेतलं, स्क्रू फिरवला. झाकणातल्या पाण्यात टोक हलवलं. सातच्या बाटलीतलं घेतलं, स्क्रू फिरवला. तलावाच्या चारही कोपऱ्यांचं पाणी घेतलं. नऊ पॉइंट दोन, नऊ पॉइंट एक, पुन्हा दोन, एका ठिकाणी तीन. नमुन्याची बाटली भरली, तिला चिठ्ठी डकवली, चिठ्ठीवर माझी आणि अध्यक्षांची सही घेतली आणि बाटली कपाटात ठेवली. असलं सगळं मला फार छान जमायचं.

चाचांनी त्यांची नळी भरली, थेंब टाकले आणि माझ्यापुढे धरली.

"मॅडम, ये देखो. नौ रहता तो पूरा गुलाबी होना था ना? ये तो संतरा है. पानी अच्छा है, दे डालो."

"चाचा, तुमच्या औषधाची तारीख बघा. किती जुनं आहे ते."

"तारीख कू क्या करना? अक्खी उमर येच देखके पानी चलाया मैं. रंग झूठ नै बोलता."

"रंग डोळ्याने बघायचा असतो," मी म्हणाले. "डोळ्याची चूक होते. मशीनची होत नाही."

हे मी अध्यक्षांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाले होते. चाचांनी नळी खाली केली आणि बागेच्या बाजूच्या नालीत ओतली. मी कागदावर लिहिलं की पाण्याचा पीएच नऊच्या वर असून ते फळबागेस योग्य नाही. सोडून देण्यासारखा आकडा होता का? होता. एखाद्या झाडाला घालून बघू असं लिहिता आलं असतं. दुसऱ्या कुणाचं रान असतं तर कदाचित मी लिहिलंही असतं. पण काका सख्खे होते, म्हणून मी मशीनच्या बाजूने जरा जास्तच ताठ उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं." ते ऐकून मला बरं वाटलं होतं. त्या बऱ्या वाटण्याची मला अजून शिसारी येते.

दुपारी काम सुटल्यावर मी भिंतीला वळसा घालून बागेत गेले. काका झाडांच्या बुंध्याशी सोयाबीनचा भुसा पसरत होते, ओल टिकावी म्हणून. मला बघून उठले, हात झटकले. मी सांगितलं. कागदही दाखवला. कागद त्यांनी हातात घेतला, उलटा सुलटा करून बघितला, माझी सही ओळखली.

"एका झाडाला घालून बघू का?" त्यांनी विचारलं. "कडंला एक हाय, तसंबी त्येला फळ धरत नाय. गेलं तर गेलं."

"नको काका. मुळं जळतील. जमीनसुद्धा बिघडेल. पुन्हा काही येणार नाही तिथं."

"मशीन लावून बघितलं ना तू?"

"चार ठिकाणी."

"मंग नाय घालत." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "तू शिकलीस ते बरं झालं, बाई. मी आडाण्यासारखं घातलं असतं आन् रानबी घालवून बसलो असतो."

आठ दिवसांनी कमिटीने ते पाणी हिरवळीला सोडायला सांगितलं. गवताला काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. चाचा पाइप धरून उभे राहायचे, रोज तासभर. माझ्याशी त्यांचं बोलणं कमी झालं होतं. हिरवळ महिनाभर त्या पाण्यावर होती आणि महिनाभर हिरवीगार होती. कडेचे गुलाबही फुलले. ते मला दिसत होतं. गवत चिवट असतं, मी स्वतःशी म्हणायचे. गुलाबांबद्दल काय म्हणायचे ते आठवत नाही. बहुधा तिकडे बघायचेच नाही.

भिंतीवरून दिसणारे शेंडे आधी मलूल झाले. मग पानं कडेने करपून गुंडाळली गेली. बहार धरला होता, त्याची लिंबाएवढी फळं गळून झाडाखाली पडली आणि तिथेच काळी झाली. काकांनी बैलगाडीतून पिंप आणून विहिरीजवळची दहा-बारा झाडं कशीबशी धरून ठेवली. बाकीच्या झाडांच्या साली वैशाखात तडकल्या. मृग कोरडा गेला. आषाढात पाऊस आला तेव्हा त्या बागेत पावसाची वाट बघणारं काही उरलं नव्हतं. काकांनी माणसं लावून झाडं तोडली. कुऱ्हाडीचे आवाज तलावाच्या कडेला स्पष्ट ऐकू यायचे आणि मी तळाशी उरलेल्या पाण्याचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचे.

पाऊस आल्यावर तलाव पुन्हा सुरू करायचं ठरलं. तोच इंजिनिअर आला, सोबत द्रावणांची नवी पाकिटं. त्याने नव्या द्रावणावर मीटर सेट केला आणि सहज म्हणून माझ्या सातच्या बाटलीत बुडवला. खिडकीत सहा आले. त्याने पुन्हा बुडवला. पुन्हा सहा.

"मॅडम, यात काय ओतलंत तुम्ही?"

मी काहीच ओतलं नव्हतं. रोज चारच्या वाटीतून निघालेलं टोक, झाकणातल्या त्याच त्या पाण्यात हलवून, मी सातच्या वाटीत बुडवत होते आणि वाटी परत बाटलीत रिकामी करत होते. चारचे थेंब सातमध्ये उतरत गेले. सातची बाटली सातची राहिली नव्हती, आणि मी रोज सकाळी त्या यंत्राला बजावत होते की हेच सात. ज्याला सहाला सात म्हणायला शिकवलं, ते साडेसातला नऊ म्हणणार नाही तर काय?

कपाटात सहीची चिठ्ठी लावलेली बाटली होती. इंजिनिअर गेल्यावर मी ती काढली आणि झाकण उघडलं. मनातल्या मनात देवाला म्हटलं, नऊ येऊ दे. सात पॉइंट पाच आले. तीनदा बघितलं. प्रत्येक वेळी टोक भरपूर धुतलं, अर्धा कॅन संपवला. चाचा दारात उभे होते. मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर फार बरं झालं असतं. ते आत आले, मी रोज टोक धुवायचे ते झाकण उचललं आणि त्यांच्या नळीबरोबर धुवायला घेऊन गेले.

काकांनी पुढच्या वर्षी रान विकलं. सोसायटीनेच घेतलं. तिथे आता दुसऱ्या टप्प्याच्या इमारती आहेत. काका-काकू मुकुंदवाडीला आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायला आले. मी ती नोकरी सोडली, दुसरी धरली, पण मीटरचं काम सुटलं नाही. आणि काकांनी एक नवीन छंद लावून घेतला. माझी गोष्ट सांगण्याचा. स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या पोरीनं वाचवलं. मी तर तलावाचं इखारी पाणी बागंला घालाया निघालो होतो. पोरीनं मशीन लावलं, म्हणली काका, भुई मरंल. झाडं गेली ती गेली, पर रान तर धड इकता आलं." मी तिथून जात असले तर हाक मारून दाखवायचे, हीच ती. लोक कौतुकाने बघायचे. कुठलंही पाणी दिसलं की काका बाटलीत भरून माझ्याकडे आणायचे. हातपंपाचं, टँकरचं, मंगल कार्यालयाच्या टाकीचं. मी तपासायचे आणि सांगायचे. आकडा ते विचारायचे नाहीत. "तू म्हंतीस ना चांगलं? मंग झालं."

अशी कितीतरी वर्षं गेली. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, शेंद्र्यापर्यंत घरं पोचली, नळ मात्र आठव्या दिवशीच राहिला. मी सांगितलं नाही. आधी वाटलं, जखम ताजी आहे. मग वाटलं, आता सांगून झाडं येणार आहेत का. माणूस सोयीची कारणं कशी शोधतो ते मी मघाशी सांगितलंच आहे.

गल्लीत नवीन बोअर झाला तेव्हा काका दुपारी बाटली घेऊन आले. आई चहाचं आधण ठेवत होती. काकांनी बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बघ गं. लोकं पिऊ का म्हणून इचारायलेत. म्हणलं, आमच्या बाईला दाखवल्याबिगर कुणी तोंडाला लावायचं नाय." ते त्यांनी इतक्या अभिमानाने म्हटलं की मला ते सोसेना. मी मीटर न काढता सगळं सांगितलं. सातची बाटली, झाकणातलं पाणी, चाचांचा संत्र्याचा रंग, कपाटातली बाटली. एका दमात सांगितलं.

काका बराच वेळ बाटलीचं झाकण उघडत लावत राहिले.

"मंग त्या गवताला घातलं ते चांगलं पाणी होतं?"

"हो."

"माझी झाडं जगली असती?"

"हो, काका."

"आन् हे तुला कधी कळलं?"

"त्याच आषाढात."

त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत. मला वाटत होतं शिव्या देतील, आईला ओरडून सांगतील, निदान उठून जातील. त्यांनी पाणी मागितलं. आईने तांब्या दिला. काकांनी वरून अर्धा प्यायला, अर्धा परत दिला आणि आईने तो माठात ओतला. मग चहा न घेताच ते उठले. बोअरची बाटली त्यांनी सोबत नेली, न तपासता.

पुढच्या आठवड्यात कामावरून येताना टपरीवर काका दिसले. चार-पाच माणसं जमली होती. काका तीच गोष्ट सांगत होते, त्याच शब्दांत. आमच्या पोरीनं वाचवलं, मशीन लावलं, रान धड इकता आलं. कुणीतरी माझ्याकडे बोट करून विचारलं, "हीच का ती?"

"व्हय, हीच," काका म्हणाले. त्यांनी मला हाक मारली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. ते पुढे सांगत राहिले आणि मी खाली मान घालून घरी आले. गोष्ट ते अजूनही सांगतात. पाण्याची बाटली मात्र पुन्हा कधी आणली नाही.